चढत्या रेघांचं दालन

"हा आलेख उतरतोय," प्राचार्य विभूते म्हणाले आणि त्यांनी दोन बोटांनी तो कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"हो सर. तो उतरायलाच हवा."

"कानडे मॅडम, आपल्या संस्थेत कुठलाही आलेख उतरत नाही."

हे ते विनोदाने म्हणत नव्हते. विनोद करण्याइतकी मोकळीक त्या माणसाला स्वतःच्या घरीसुद्धा नसावी. माळावरच्या त्या इंजिनियरिंग कॉलेजात मी तेव्हा कॉम्प्युटर विभागात शिकवत होते. ऑफिसपासून प्रयोगशाळांपर्यंत एक लांब व्हरांडा होता, त्याला नाव दिलं होतं प्रगती दालन. दोन्ही भिंतींवर काचेच्या चौकटीत आलेख. प्रवेशांचे, ग्रंथालयाचे, पाण्याचे, क्रीडा विभागाचे, आणि सगळ्यांच्या रेघा डावीकडून उजवीकडे चढत गेलेल्या. संस्थापक नानासाहेब खराडे महिन्यातून एकदा मागे हात बांधून त्या दालनातून जायचे, रेघांकडे बघायचे, समाधानाने हुंकार द्यायचे आणि गाडीत बसायचे. त्या हुंकारावर आमचे पगार चालत. नानासाहेबांनी आयुष्यभर साखर कारखाना चालवला होता आणि वर जाणारी रेघ चांगली, खाली जाणारी वाईट, एवढं शास्त्र त्यांना पुरेसं होतं. खाली जाणारी रेघ दालनात दिसली तर विभागप्रमुखाने दुसरीकडे नोकरी बघावी, असा दंडकच होता.

माझ्या हातातला कागद तेजल मगदूमचा होता. तेजल शेवटच्या वर्षाला होती. आमच्याकडे कंपन्या मुलाखतीला येत नसत. माळावर चढताना त्यांचा दम लागत असावा. म्हणून तेजलने पुण्यातल्या एका चिप तयार करणाऱ्या कंपनीला स्वतःच लिहिलं होतं. कंपनीने उत्तर दिलं की मार्कांचं राहू दे, तुमच्या प्रकल्पातला मुख्य आलेख प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवा, तो बघून बोलावू. तेजलचं सगळं त्या एका सहीवर अडलं होतं. आणि विभूतेसरांचा नियम असा की जो आलेख दालनात लागला आणि नानासाहेबांनी पाहिला, त्याच्यावरच सही.

"सर, हा प्रोसेसरचा आलेख आहे," मी समजावायला लागले. "सिम्युलेटरवर काढलेला. म्हणजे खरा प्रोसेसर न बनवता तो कसा चालेल ते..."

"सिम्युलेटर मला ठाऊक आहे."

ठाऊक नव्हता. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मग मी त्यांच्या घरचं उदाहरण घेतलं. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई समजा. तिच्या हाताशी ओट्यावर मिसळणाचा डबा असतो आणि बाकीचं सामान वर माळ्यावर. डब्यात जे नाही ते आणायला शिडी लावून माळ्यावर चढावं लागतं, तेवढा वेळ फोडणी थांबते. या हाताशी असलेल्या डब्याला कॅश मेमरी म्हणतात. डबा मोठा केला की शिडीच्या फेऱ्या कमी, म्हणून वाट पाहण्यात जाणारा वेळही कमी. तेजलच्या आलेखात खाली डब्याचा आकार होता आणि उभ्या बाजूला वाट पाहण्यात गेलेला वेळ. रेघ आधी झरझर उतरत होती आणि एका जागी येऊन सपाट होत होती. सपाट झाली तिथे तेजलचा शोध होता: या कामाला इथपर्यंतचा डबा पुरे, त्याहून मोठा घेऊन उपयोग नाही.

"म्हणजे वेळ कमी झाला," विभूतेसर म्हणाले. "चांगलं आहे. मग वेग वाढला असं दाखवा."

हे मला आधीच सुचलं होतं. मी दुसरा कागद पुढे केला. त्यात तेच आकडे उलटे करून वेग काढला होता. रेघ चढत होती. विभूतेसरांचा चेहरा फुलला आणि लगेच मावळला.

"हा पुढे सपाट का?"

"तिथून पुढे फायदा नाही म्हणून. तेच तर तिचं म्हणणं आहे."

"नानासाहेबांना सपाट चालत नाही. गेल्या साली क्रीडा विभागाचा आलेख सपाट निघाला. शिंत्रेसर आता कुठे आहेत?"

शिंत्रेसर सासुरवाडीच्या हॉटेलात गल्ल्यावर बसत होते.

विभूतेसरांनी पहिला कागद पुन्हा उचलला, थोडा वेळ न्याहाळला, मग उठून खिडकीच्या काचेवर उलटा धरला. उन्हात पाठीमागून रेघ दिसत होती. उजवी बाजू डावीकडे गेली होती आणि रेघ आधी सपाट जाऊन मग सरसर वर चढत होती.

"हे बघा," ते म्हणाले. आवाजात खराखुरा आनंद होता. "मोठा डबा डावीकडे, लहान उजवीकडे. आकडा एकही बदलायचा नाही. सुरुवातीला थोडी सपाटी, मग झेप. अगदी आपल्या संस्थेसारखी!"

"सर, पण तो वाचायला..."

"वाचतो कोण, मॅडम? मी नेहमी असंच करतो."

तो 'नेहमी' माझ्या कानावरून गेला. तेव्हा मला सहीची पडली होती.

प्रयोगशाळेत तेजल माझी वाट बघत होती. कॉम्प्युटर इतके जुने, की सिम्युलेटर एकदा चालू केला की मुली खाली जाऊन चहा पिऊन यायच्या आणि तरी तो सुरूच असायचा. नव्या यंत्रांचा आमचा अर्ज ऑफिसात धूळ खात पडला होता. मी तेजलला विभूतेसरांची युक्ती सांगितली. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मीच ती शोधून काढली होती.

"मॅडम, मी असलं काही करतो होय? कंपनीवाले हसतील मला."

कोल्हापूरकडच्या मुली 'करते' म्हणत नाहीत, 'करतो' म्हणतात. भांडताना ते जास्तच ठसकेबाज वाटतं.

"खोटं नाहीये त्यात काही," मी म्हणाले. "खालची बाजू उलटी लावलीय एवढंच. नावं नीट लिहिली की ज्याला वाचता येतं तो बरोबर वाचेल."

"खोटं नाही, पण येडं दिसतंय."

"सही मिळेल."

तिने पडद्यावरचा आलेख एकदा उलटा करून बघितला. तिच्या वडिलांची गावात बेकरी होती, भाऊ तिथेच काम करायचा आणि तेजलनेही तिथेच बसून हिशेब बघावा असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलेलं. तिला मात्र चिपच्या आतलं जग दिसलं होतं. मागे एकदा मला म्हणाली होती, "मॅडम, मला हेच काम करायचंय, दुसरं कुठलंच नाही." तसं मला माझ्या नोकरीत एकाही सहकाऱ्याने म्हटल्याचं आठवत नाही.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "पण एक अट. अक्षरं मोठी काढतो मी. खाली डब्याचा आकार, बाजूला वाट पाहण्याचा वेळ. आणि मराठीत. लांबून दिसलं पाहिजे, की मी काय मोजलंय."

"काढ की," मी म्हणाले. विभूतेसरांनीच सांगितलं होतं, वाचतो कोण.

शुक्रवारी सकाळी कॉलेजसमोर मांडव उभा राहिला. दुसऱ्या इमारतीचं भूमिपूजन होतं. प्रवेश वर्षानुवर्षं वाढताहेत, जागा पुरत नाही, असं विभूतेसरांनी नानासाहेबांना पटवलं होतं. सनई लावली होती, गुरुजी नारळ मांडून बसले होते, गावोगावचे सरपंच फेटे सावरत होते. मुहूर्ताआधी नानासाहेब दालनातून चक्कर मारणार, तेजलच्या नव्या चौकटीला हुंकार देणार, मग विभूतेसर कागदावर सही करणार, असं ठरलं होतं. तेजल कागद फाइलमध्ये घेऊन चौकटीशेजारी उभी होती आणि मी तिच्या शेजारी.

नानासाहेब आले तेच चालता चालता इकडेतिकडे बघत. एरवी त्यांची मान सरळ असायची.

"काय वो विभूते, ह्यो खांब पिवळा हाय व्हय?"

"पहिल्यापासून पिवळाच आहे, नानासाहेब."

"मला पांढरा वाटायचा. मोतीबिंदू काढल्यापास्नं सगळं लखलखीत दिसाया लागलंय बघा. काल म्हातारीला म्हटलं, तू एवढी काळी कधी झालीस? दुपारचं जेवण न्हाई मिळालं."

आम्ही सगळे बेताने हसलो. विभूतेसर जरा जास्त हसले आणि मध्येच थांबले. त्यांच्या मनात काहीतरी हललं असावं. पण तोवर नानासाहेब तेजलच्या चौकटीपुढे येऊन उभे राहिले होते.

"हे नवीन दिसतंय. चढतंय झकास." ते पुढे वाकले. आणि ज्या माणसाने त्या दालनात आजवर फक्त रेघा पाहिल्या होत्या, त्याने बोट ठेवून अक्षरं वाचायला सुरुवात केली. "डब्याचा... आकार. मोठा... लहान. डबा कसला?"

"मेमरी, नानासाहेब," विभूतेसर घाईने म्हणाले. "कॉम्प्युटरची मेमरी. चला, गुरुजी खोळंबलेत."

"थांबा की. डावीकडं मोठी मेमरी, उजवीकडं लहान. म्हंजे मेमरी लहान लहान केली, की रेघ वर वर." त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, नव्या कॉम्प्युटरचा अर्ज तुमचाच न्हवं? जादा मेमरीचे पाहिजेत म्हणून?"

"हो, पण..."

"ह्या पोरीनं तर उलटं सिद्ध केलंय! मेमरी कमी केली की प्रगती. विभूते, अर्ज फाडा. आणि आहेत त्या कॉम्प्युटरातली पण थोडी थोडी काढून घ्या. निघतीय न्हवं?"

"निघते, नानासाहेब. पटकन निघते." विभूतेसर सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाले. "सोमवारपर्यंत काढतो."

चिपच्या आतला तो डबा कुणाला काढता येत नाही. पण लॅबमधल्या यंत्रांतली साधी मेमरी पट्टीसारखी बाहेर निघते, आणि ती काढली असती तर आमची यंत्रं नुसती दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी उजळली असती, चालली नसती. मी तोंड उघडलं. विभूतेसरांनी तेजलच्या फाइलकडे बोट केलं आणि माझ्याकडे रोखून बघितलं. अर्थ सरळ होता. मी तोंड मिटलं. मुलीची सही आधी, लॅबचं नंतर बघू, असा हिशेब मी मनाशी केला. आजही मला तो चुकीचा वाटत नाही.

तेजलने मात्र कुणाकडेच बघितलं नाही.

"साहेब, वर जाणं वाईट आहे इथं," ती म्हणाली.

नानासाहेब तिच्याकडे वळले.

"काय म्हणतीस?"

"बाजूला वाचा की साहेब. वाट पाहण्यात गेलेला वेळ. डबा लहान केला की कॉम्प्युटर नुसता वाट बघत बसतो. रेघ वर गेली म्हणजे काम थांबलं. मेमरी काढू नका. खालच्या वर्गातली पोरं आत्ताच तासन्‌तास बसतात."

"मगदूम!" विभूतेसर ओरडले. "भूमिपूजनाच्या दिवशी..."

"गप बसा हो जरा." नानासाहेबांनी हात वर केला. ते आलेखाकडे, मग बाजूच्या अक्षरांकडे, मग पुन्हा आलेखाकडे बघत राहिले. "वाट बघण्याचा वेळ. म्हंजे कारखान्यावर उसाच्या गाड्यांची रांग. रांग वाढली की मी शिव्या घालतो, आणि ती पण वाढच की. आं?"

"हो साहेब," तेजल म्हणाली. "काय मोजलंय ते आधी बघायचं. मग वर-खाली."

नानासाहेबांनी मागे बांधलेले हात सोडले आणि ते शेजारच्या चौकटीपुढे जाऊन उभे राहिले. चौकट ग्रंथालयाची होती. त्यांनी वाकून वाचलं, "परत न आलेली पुस्तके." मग पुढची, पाण्याची. "विकत आणलेले टँकर." मग निकालाची, तिच्यावर तर मथळाच 'पुनर्परीक्षेची संधी लाभलेले विद्यार्थी' असा होता आणि ती रेघ सगळ्यांत उंच होती. प्रत्येक ठिकाणी ते थांबत, बोट ठेवून वाचत आणि पुढे सरकत. विभूतेसर मागे मागे. मांडवातून एक सरपंच मुहूर्ताची आठवण द्यायला आला आणि आमची तोंडं बघून आल्या पावली परत गेला.

शेवटची चौकट प्रवेशांची होती. हिच्याच भरवशावर बाहेर नारळ मांडला होता. नानासाहेबांनी खालची सालं वाचली. डावीकडे चालू साल होतं. उजव्या टोकाला, जिथे रेघ छताला टेकली होती, तिथे कॉलेज सुरू झालं ते साल.

"म्हंजे आपण मागं चाललोय," ते हळूच म्हणाले. "आणि मी वरसभर दुसऱ्या इमारतीसाठी माणसं गोळा करतोय."

"हा केवळ दृष्टिकोनाचा प्रश्न आहे, नानासाहेब."

"दृष्टी मी आत्ताच नवी करून आणलीया, विभूते."

मला वाटलं, आता हा म्हातारा फुटणार. खरं सांगायचं तर मला तसं व्हायलाच हवं होतं. चौकटी फुटाव्यात, विभूतेसरांची खुर्ची जावी, दालन रिकामं व्हावं. इतकी वर्षं त्या रेघांखालून मान घालून जायचा मला मनापासून कंटाळा आला होता. नानासाहेब खिडकीच्या कट्ट्यावर बसले. बाहेर मांडव, फेटे, हार, सगळं दिसत होतं. मग त्यांनी, आयुष्यभर निवडणुका जिंकलेला माणूस ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

"विभूते, नारळ फुटू दे. इमारतीला न्हाई, मंगल कार्यालयाला. तेवढं भाषणात बदला. लग्नं काय कमी होत न्हाईत." मग बोट नाचवत ते पुढे म्हणाले, "आणि उद्यापास्नं ह्या आलेखांच्या खाली काय लिहायचं न्हाई. बाजूला पण न्हाई. नुसत्या रेघा. आणि ह्या सगळ्यांच्या चौकटी जरा उंचावर लावा."

"होय, नानासाहेब," विभूतेसर म्हणाले. त्यांच्या गालांवर रंग परत आला.

तेजल अजून तिथेच उभी होती. तिने फाइल छातीशी धरली होती आणि ओठ घट्ट आवळले होते. रडू आलं तर या लोकांसमोर नको, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बोलण्याची किंमत काय हे तिला बोलायच्या आधीही माहीत होतं. नानासाहेबांनी तिला जवळ बोलावलं.

"तुला काय पाहिजे होतं गं?"

"सही, साहेब. पुण्याच्या कंपनीला पाठवायचाय हा. आजच."

"आण हिकडं." त्यांनी विभूतेसरांच्या खिशातलं पेन घेतलं. "पण असला उलटा नको. सरळ हाय का तुझ्याकडं? उतरता?"

तिने फाइलच्या तळातून मूळ कागद काढला. डबा लहानापासून मोठ्यापर्यंत, रेघ सरसर उतरत जाऊन सपाट झालेली. नानासाहेबांनी तो डोळ्यांपाशी धरला, खालची अक्षरं वाचली, बाजूची अक्षरं वाचली, सपाट भागावरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. त्यांना सगळं समजलं होतं. त्या दालनात तेवढ्या वेळात ते आलेख वाचायला शिकले होते, आणि मी शिकवलेल्या बऱ्याच मुलांपेक्षा लवकर शिकले होते. त्यांनी खाली लांबलचक सही ठोकली आणि कागद विभूतेसरांपुढे धरला.

"तुम्ही पण करा. शिक्का मारा. ही पोर महिन्याच्या आत पुण्याला गेली पाहिजे. न्हाईतर माझी चिठ्ठी घेऊन जा म्हणावं, पण गेली पाहिजे. इथं ऱ्हायली तर बाकीच्यांना पण वाचाया शिकवंल."

विभूतेसरांनी सही केली. तेजलने कागद घेतला, वाकून नमस्कार केला आणि मला फक्त एवढंच म्हणाली, "मी जातो मॅडम, पाठवतो लगेच." तिच्या चपलांचा आवाज दालनभर पळत गेला. पुढच्या महिन्यात ती गेलीही. मी मात्र जूनमध्ये मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्थापक झाले, तिथे आलेख काढायला काहीच नव्हतं, फक्त डब्यांत भाजी पुरते की नाही ते बघायचं होतं.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. तेजल गेल्यावर नानासाहेब कट्ट्यावरून उठले, धोतर झटकलं आणि सहज विचारावं तसं विचारलं,

"हिला हे सगळं वाचाया शिकवलं कुणी?"

विभूतेसरांनी क्षणाचाही विलंब न लावता माझ्याकडे बोट केलं.

त्या कॉलेजात मी कुणाला काही शिकवलं, हे प्राचार्यांनी चारचौघांत कबूल केलं ते तेवढंच एकदा. मी मान ताठ केली आणि म्हणाले, "हो. मी."